डिसेंबरात बर्फ मिळेल ना?

दिवाळीचे कंदील उतरवून माळ्यावर गेले की घाटकोपरमध्ये एक प्रश्न फिरायला लागतो. पंतनगरच्या जिन्यात, गारोडियानगरच्या बागेत, राजावाडीच्या बाजूच्या बालरोगतज्ज्ञांकडे नंबर लावून बसलेल्या आयांमध्ये तो हमखास ऐकू येतो. "नाताळात मनालीला गेलो तर बर्फ मिळेल ना?" विचारणारीच्या कडेवर दोन-तीन वर्षांचं पोर असतं. त्याला बर्फ दाखवायचा हा बेत एकट्या आई-बाबांचा नसतो. आजी-आजोबा, मामा-मामी आणि कधी पुण्याची आत्याही त्यात सामील असते. आयुष्यभर स्वतः न केलेली चैन नातवंडासाठी करायची आजोबांची तयारी असते. त्यामागची माया मला मनापासून मोलाची वाटते, म्हणूनच या प्रश्नाचं सरळ उत्तर द्यायला हवं. ते उत्तर असं, की नाताळात बर्फ मिळेलच असं नाही. दोन-तीन वर्षांच्या मुलाला घेऊन नाताळातच जायची गरजही नाही.

आपल्या सुट्ट्यांचं वेळापत्रक आणि हिमालयाचं वेळापत्रक एकमेकांशी जुळत नाही, ही यातली मूळ अडचण. हिमालयात हिवाळ्यात जो बर्फ पडतो तो आपल्या मोसमी पावसाचा नव्हे. तो आणतात पश्चिमी विक्षोभ. भूमध्य समुद्राकडून इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान असा प्रवास करत ही वादळं पूर्वेकडे सरकतात. वाटेत कॅस्पियनचं आणि आपल्या अरबी समुद्राचंही बाष्प उचलतात आणि हिमालयाच्या भिंतीला थटली की ते खाली टाकतात. ऑक्टोबर-नोव्हेंबर हे तिथले कोरडे महिने. डिसेंबरात या वादळांची ये-जा वाढू लागते आणि खरा जोर येतो तो जानेवारी-फेब्रुवारीत. काश्मिरी लोकांनी हे फार पूर्वीच दिनदर्शिकेत बसवून ठेवलं आहे. २१ डिसेंबरला चिल्ले कलान सुरू होतो, चाळीस दिवसांचा कडक हिवाळा. पुढे वीस दिवसांचा चिल्ले खुर्द आणि मग दहा दिवसांचा चिल्ले बच्चा. म्हणजे आपली नाताळची सुट्टी येते तेव्हा त्यांचा हिवाळा नुकता उंबरठ्यावर असतो.

त्यात अलीकडची वर्षं लहरी. जानेवारी २०२४ च्या पहिल्या पंधरवड्यात गुलमर्गचे उतार तपकिरी दिसत होते. बर्फ आला तो महिनाअखेरीस. फेब्रुवारी २०२५ मध्ये तर खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धांचा गुलमर्गचा टप्पा बर्फाअभावी पुढे ढकलावा लागला आणि तो मार्चमध्ये झाला. याउलट डिसेंबर २०२४ च्या शेवटच्या आठवड्यात मनालीजवळ सोलंग आणि अटल बोगद्याच्या मधल्या रस्त्यावर अचानक इतका बर्फ पडला, की शेकडो गाड्या आणि हजारो पर्यटक अडकले आणि पोलिसांना रात्रभर माणसं बाहेर काढावी लागली. अशा गाडीत डायपर बदलायची वेळ आलेली आई डोळ्यांसमोर आणा. बर्फ मिळाला, पण मुलाच्या वाट्याला काय आलं?

मग मे महिन्यात जावं का? तेव्हा खालचा बर्फ केव्हाच वितळलेला असतो. उरतो तो रोहतांगसारख्या खिंडीत, ३,९७८ मीटरवर, महिनोन्महिने पडून कडक झालेला आणि गाड्यांच्या धुराने काळवंडलेला. तो बघायला पोराला साडेतीन-चार हजार मीटर उंचीवर न्यावं लागतं. ते का टाळावं याकडे पुढे येतेच.

खरा मोकळा रस्ता आपल्याला दिसत असूनही आपण घेत नाही. पहिलीचा प्रवेश सहाव्या वर्षी. त्याआधी बालवाडी, छोटा शिशु, मोठा शिशु. या वयात आठ दिवस शाळा बुडाली तर काहीही बिघडत नाही. म्हणजे ज्यांची मुलं सहा वर्षांखालची आहेत त्यांना नाताळाचं बंधनच नाही. जानेवारीचा शेवटचा आठवडा किंवा फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा हा त्यांच्यासाठी उत्तम काळ. बर्फाची शक्यता सर्वाधिक, गर्दी कमी आणि हॉटेलंही स्वस्त. अडचण असते ती बाबांच्या रजेची आणि चौथीतल्या चुलत भावाच्या शाळेची. ही अडचण खरी आहे, पण मग निदान हे मान्य करावं, की सुट्टी मोठ्यांच्या सोयीने निवडली आहे, लहानग्याच्या नव्हे. हवामान खात्याचा डोंगराळ भागाचा अंदाज चार-पाच दिवस आधी बऱ्यापैकी भरवशाचा असतो. तो बघून निघता आलं तर फारच छान.

कुठे जावं, हाही प्रश्न मुलाच्या अंगानेच सोडवावा. चंदीगडहून मनाली सुमारे ३०० किलोमीटर, घाटातला अख्खा दिवस. उलट्या होणाऱ्या मुलासाठी तो मोठा आहे. मुंबईहून श्रीनगरला थेट विमान आहे आणि तिथून गुलमर्ग पन्नासेक किलोमीटर. पण काश्मीरचं नाव काढलं की आता घरात क्षणभर शांतता पसरते. २२ एप्रिल २०२५ ला पहलगामच्या बैसरनमध्ये २६ जण मारले गेले. त्यात महाराष्ट्राचे सहा, आणि त्यातले तिघे आपल्याच मध्य रेल्वेवरच्या डोंबिवलीचे. जावं की नाही हे प्रत्येक घराने आपलं आपण ठरवायचं. जाणाऱ्यांनी कुठली ठिकाणं खुली आहेत हे तिथल्या पर्यटन खात्याकडून निघण्याआधी विचारून घ्यावं.

आता मुलाच्या शरीराकडे वळू. घाटकोपरमध्ये जानेवारीत पहाटे पारा १६-१७ अंशांवर आला की आपण स्वेटर काढतो. मुंबईचा नीचांक सांताक्रूझला २२ जानेवारी १९६२ रोजी नोंदला गेला, ७.४ अंश. त्यापेक्षा थंड काही आपल्या मुलांच्या कातडीने पाहिलेलं नाही. लहान मुलाचं वजन कमी, पण वजनाच्या मानाने त्वचेचं क्षेत्रफळ मोठ्या माणसापेक्षा पुष्कळ जास्त. त्यामुळे त्याच्या अंगातली ऊब झपाट्याने निघून जाते. तान्ह्या बाळाला तर धड कुडकुडताही येत नाही. ते गप्प होतं, मलूल होतं, आणि "बघा, किती शहाणं आहे, अजिबात रडत नाही" असं आपल्याला वाटतं. थंडीत अचानक शांत झालेलं मूल लगेच आत न्यायचं, हे घरातल्या प्रत्येकाने लक्षात ठेवावं.

कपड्यांत आपल्याकडून एक चूक सर्रास होते. आतून सुती बनियन आणि वर एकच जाडजूड जॅकेट. मूल धावतं, घामेजतं, सुती कापड तो घाम धरून ठेवतं आणि ओलं कापड अंगातली ऊब ओढून घेतं. त्याऐवजी अंगाला लागून थर्मल किंवा पातळ लोकर, त्यावर सैल स्वेटर आणि सगळ्यात वर वारा-पाणी अडवणारं काहीतरी. थरांच्या मधे अडकलेली हवाच ऊब राखते, म्हणून कपडे कोंबू नयेत. आपल्या आज्यांच्या कुंचीत हे शहाणपण होतंच. डोकं, कान, मानेचा मागचा भाग आणि पाठ, सगळं एकाच कापडात. आजीने कुंची बॅगेत टाकली तर काढून ठेवू नका.

मनालीहून सोलंगकडे जाताना रस्त्याच्या कडेला क्रमांक घातलेली दुकानं लागतात. ड्रायव्हर त्यातल्याच एकासमोर गाडी उभी करतो. आत भिंतभर लाल-निळे-पिवळे एकसंध सूट टांगलेले, जमिनीवर गमबुटांचे ढीग. दुकानदार मुलाकडे नजर टाकून अंदाजाने एक सूट काढतो. तो आदल्या दिवशी दुसऱ्या कोणी घालून गेलेला असतो आणि बऱ्याचदा आतून दमटच असतो. बाहीत हात घालून अस्तर चाचपावं, ओलं लागलं तर दुसरा मागावा. बुटात आपले कोरडे लोकरीचे मोजे घालावेत, पण बूट घट्ट होतील इतके नकोत. घट्ट बुटात रक्त फिरत नाही आणि बोटं आधी गारठतात. हातमोज्यांच्या मात्र किमान तीन जोड्या घरूनच न्या. सुट्या बोटांचे नव्हेत, तर चारही बोटं एकत्र राहतील असे. पहिली जोडी दहा मिनिटांत भिजते, कारण मूल पहिल्यांदा जे करतं ते म्हणजे बर्फ मुठीत दाबून बघतं, आणि मग तोंडात घालतं.

त्या दाबण्यात बरंच विज्ञान आहे. पोराच्या हातात कधी गोळा नीट वळतो, कधी नुसता भुगा होऊन गळून पडतो. बर्फ शून्य अंशाच्या आसपास असला की दाबाने आणि हाताच्या उबेने कणांवर पाण्याचा पातळ थर येतो आणि तो कणांना चिकटवतो. फार थंड, कोरडा बर्फ म्हणूनच वळत नाही. पारदर्शक पाण्याचा बर्फ पांढरा का, हेही मुलं विचारतातच. सुटे कण प्रकाशाचे सगळे रंग सगळीकडे सारखेच विखुरतात, म्हणून तो ढीग पांढरा दिसतो. काळ्या हातमोज्यावर बर्फाचं ताजं कुसर झेलून भिंगातून दाखवा. सहा पाकळ्या स्पष्ट दिसतात. योहान्स केप्लरला याच सहा पाकळ्यांचं कोडं पडलं होतं. १६११ मध्ये त्याने त्यावर छोटी पुस्तिका लिहिली आणि ती नववर्षाची भेट म्हणून आपल्या आश्रयदात्याला दिली. उत्तर त्याला सापडलं नाही, कारण पाण्याचे रेणू गोठताना षटकोनी जाळ्यात बसतात हे कळायला विसावं शतक उजाडावं लागलं. जपानमध्ये होक्काइदोला उकिचिरो नाकाया यांनी १९३६ मध्ये प्रयोगशाळेत पहिलं कृत्रिम हिमकुसर वाढवलं, तेही सशाच्या केसावर! तापमान आणि दमटपणा बदलला की सुईपासून पाकळीपर्यंत आकार बदलत जातात, हे त्यांनी दाखवलं. पाच वर्षांच्या मुलीला सशाच्या केसाची गोष्ट सांगा, तिच्या लक्षात ती बर्फापेक्षा जास्त दिवस राहील.

बर्फावर एका वेळी अर्धा तास, फार तर चाळीस मिनिटं. मग आत, कोरडे मोजे, कोमट काहीतरी पोटात, झोप. जमलं तर संध्याकाळी पुन्हा वीस मिनिटं. तीन वर्षांच्या मुलासाठी एवढं भरपूर आहे. पण सहलीच्या कागदावर एका दिवसात चार "पॉइंट" लिहिलेले असतात आणि पैसे भरलेत म्हणून आपण पोराला गाडीतून काढतो, गाडीत घालतो, पुन्हा काढतो. फोटोत मूल रडताना दिसतं ते बर्फामुळे नव्हे, या चढ-उतारामुळे. माझं ठाम मत आहे, की सहा वर्षांखालच्या मुलांबरोबर एक गाव, एक हॉटेल, चालत जाता येईल असा एकच उतार, एवढीच सुट्टी आखावी.

ऊन विसरू नका. ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरणं परत फेकतो. समुद्रकिनाऱ्यावरची कोरडी वाळू जेमतेम १५ टक्के. शिवाय दर हजार मीटर उंचीला ही किरणं सुमारे दहा टक्क्यांनी वाढतात. काळा चष्मा मुलाला हौसेसाठी नव्हे, डोळ्यांसाठी हवा, आणि हनुवटीखालीही क्रीम लावायला हवं, कारण इथे ऊन खालूनही येतं.

उंचीचं गणित मात्र सगळ्यात गंभीर. मनाली २,०५० मीटरवर, तिथे बहुतेकांना त्रास होत नाही. गुलमर्ग २,६५० मीटर. अटल बोगद्यापलीकडचं सिस्सू ३,१०० मीटरच्या आसपास. ऑक्टोबर २०२० मध्ये हा ९.०२ किलोमीटरचा बोगदा सुरू झाला आणि मनालीहून न्याहारी करून निघालेलं कुटुंब अकरा वाजता तीन हजार मीटरवर उभं राहू लागलं. अडीच हजाराच्या वर शरीराला जुळवून घ्यायला वेळ लागतो आणि चार हजार मीटरवर प्रत्येक श्वासात प्राणवायू सुमारे चाळीस टक्क्यांनी कमी असतो. मोठा माणूस "डोकं दुखतंय" म्हणतो. दोन वर्षांचं मूल किरकिर करतं, खात नाही, ओकतं, झोपत नाही. गाडी लागली असेल, दात येत असतील, असं म्हणून आपण सोडून देतो. अशा वेळी उपाय एकच, लगेच खाली उतरणं. गुलमर्गच्या गंडोल्याचा, म्हणजे रोपवेचा, दुसरा टप्पा ३,९०० मीटरच्याही वर जातो. तान्ह्याला घेऊन तिथे जाऊ नये. आजी-आजोबांना रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं.

उंचीची एक बाजू स्वयंपाकघरातली आहे. आपली माणसं बॅगेत छोटा इलेक्ट्रिक कुकर, मुगाची डाळ, तांदूळ आणि मेतकूट घेऊनच निघतात, आणि ते अगदी योग्य आहे. शेजारची गुजराती मंडळी खाकरे-ठेपले नेतात, ते आपल्यालाही पुरतात. फक्त मनालीला पाणी ९३ अंशांच्या आसपासच उकळतं, गुलमर्गला त्याहूनही कमी तापमानाला. त्यामुळे झाकणाच्या साध्या भांड्यात डाळ तासभर ठेवली तरी कचकचीत राहते. शिट्टीचा कुकर न्या किंवा डाळ-तांदूळ घरी भाजून, भरड काढून न्या.

आणि शेकोटी. बाळंतिणीच्या खोलीतली ओव्या-वावडिंगाची शेगडी आपल्या आठवणीत आहे, म्हणून हॉटेलवाल्याने कोळशाची अंगीठी आणून दिली की आजीला बरंच वाटतं. पण आपल्या घरांना फटी होत्या, खिडक्या होत्या. काचा लावून पडदे ओढलेल्या खोलीत जळता कोळसा म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. त्याला वास नाही, रंग नाही, आणि झोपलेलं माणूस जागंच होत नाही. रात्री निखारे खोलीत ठेवायचे नाहीत, कितीही थंडी असली तरी. बर्फात अडकलेल्या गाडीचंही हेच. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानात मरीला बर्फात अडकलेल्या गाड्यांमध्ये लहान मुलांसह किमान २२ जण दगावले. धुराड्याभोवती बर्फ साचला की इंजिनाचा धूर आत येतो. गाडी अडकलीच तर आधी मागचा सायलेन्सर मोकळा करावा, काच बोटभर उघडी ठेवावी, हीटर सलग चालवू नये.

एवढं वाचून कोणी घाबरून जाऊ नये. थंडीने सर्दी होते ही भीती आपल्याकडे जुनी आहे. १८३४ मध्ये अमेरिकेहून जहाजाने मुंबईत बर्फ आला, तेव्हा जमशेटजी जीजीभाईंनी पाहुण्यांना आइस्क्रीम खिलवलं आणि यजमानांसह सगळ्यांना पडसं झालं, असा किस्सा मुंबईच्या इतिहासात सांगितला जातो. प्रत्यक्षात सर्दी विषाणूंमुळे होते आणि ते पसरतात बंद खोलीत, विमानात, टूरच्या बसमध्ये. नॉर्वे, स्वीडन, फिनलंडमध्ये तान्ही बाळं नीट गुंडाळून दुपारी बाहेर थंडीतच झोपवतात. कोरड्या कपड्यांत, मर्यादित वेळ मोकळ्या हवेत खेळलेलं मूल त्यामुळे आजारी पडत नाही.

ज्यांना यंदा जमणार नाही, त्यांच्यासाठी कुर्ल्याच्या फिनिक्स मार्केटसिटीमधलं स्नो वर्ल्ड आहे. घाटकोपरहून रिक्षाने जाण्याइतकं जवळ, आणि कोट-बूट तिथेच मिळतात. मूल थंडी कशी सोसतं याची ती चांगली चाचणी आहे. हिमालयाचं तिकीट काढण्याआधी एक फेरी करून पाहावी. दहा मिनिटांत "घरी चल" म्हणालं, तर दोन वर्षं थांबावं.

आणि महाबळेश्वर. डिसेंबर-जानेवारीतल्या एखाद्या निरभ्र, वारा पडलेल्या रात्री वेण्णा लेकच्या काठावर, बोटींच्या जेटीवर, लिंगमळ्याच्या गवतावर दव गोठतं आणि दुसऱ्या दिवशी पेपरात "हिमकण" म्हणून फोटो येतो. त्या वेळी तापमापक पाच-सहा अंश दाखवत असतो, मग पाणी गोठतं कसं, असा प्रश्न दरवर्षी पडतो. तापमापक जमिनीपासून सव्वा मीटरभर उंच असतो. ढग नसले की जमीन आणि गवत आपली उष्णता थेट आकाशात सोडतात आणि अगदी लागून असलेला थर शून्याखाली जातो. वारा आला तर वरची ऊबदार हवा मिसळते आणि काही होत नाही. म्हणून आदल्या संध्याकाळी आकाश स्वच्छ आहे का, पान हलतंय का, एवढं बघावं. सगळं जुळलं तर सकाळी साडेसहाला गाडीच्या टपावर पांढरा थर असतो, नखाने खरवडून चिमूटभर तळहातावर घेता येतो. उंची साडेतेराशे मीटरच्या आसपास, त्यामुळे विरळ हवेची काळजी नाही, आणि शनिवार-रविवारात जाऊन येता येतं. ऊन वर आलं की अर्ध्या तासात सगळं वितळतं. तेव्हा मुक्काम वेण्णा लेकच्या जवळ घ्यावा आणि पोराला रात्री थर्मल घालूनच झोपवावं.